तीन चौकोन आणि साडेनऊची आर्वी

९ जुलै १९७९, सोमवार
ही वही सोळा जूनला आणली. आज नऊ जुलै. मधल्या दिवसांत लिहिलं नाही, त्याला कारणं आहेत. पहिला आठवडा शाईचा रंग ठरत नव्हता. दुसरा वहीला कव्हर घालण्यात गेला. तिसऱ्या आठवड्यात काय झालं ते सांगता येत नाही, कारण रोजनिशी लिहिली नव्हती.

संकल्प : १) रोज एक पान. २) एकतीस तारखेच्या आत बी.ए.च्या फॉर्मवरचे तीन चौकोन भरणे. एका चौकोनात एक विषय. एवढंच काम आहे. गेल्या वर्षी बी.एस्सी.ला होतो. ते मला झेपलं नाही असं काही लोक म्हणतात. वास्तविक मीच ते सोडलं. परीक्षेच्या आधी.

गावाहून डबा आला. माय सकाळी फाट्यावर आर्वी-वर्धा गाडीत डबा देते, नत्थूभाऊ कंडक्टर तो ड्रायव्हरच्या मागं ठेवतो, साडेनऊला मी इथं वर्ध्याच्या स्टँडवर उतरवून घेतो. रिकामा डबा संध्याकाळच्या गाडीनं परत. झाकणात चिठ्ठी. माय सांगते, धाकटी बहीण नलू लिहिते आणि शेवटी स्वतःचं घुसवते. आजची : माय विचारून राह्यली, भाजीत मीठ जास्त झालं काय. बाबा विचारून राह्यले, विषय कोणता घेतला. मी विचारून राह्यली, तुले तरी माहीत आहे काय.

नलू यंदा बारावी पास झाली. पहिल्याच झटक्यात. त्यामुळं जरा चढली आहे.

११ जुलै, बुधवार
अमेरिकेची स्कायलॅब आकाशातून पडणार. कुठं ते कुणालाच माहीत नाही. वर्ग अर्धे रिकामे. आमच्या घरमालकीण विमलाबाईंनी बरणीतलं होतं नव्हतं तेवढं तूप आज वरणावर ओतलं. स्वतःच्या. मी फॉर्म काढला होता, पण परत ठेवला. जग राहतं की नाही हे कळल्याशिवाय विषय निवडणं शहाणपणाचं नाही.

१२ जुलै, गुरुवार
ऑस्ट्रेलियाकडं पडली. विमलाबाई तुपावरून हळहळून राह्यल्या. मीही जरा उदास. आता निवडावाच लागेल.

१४ जुलै, शनिवार
तत्त्वज्ञान. जवळजवळ नक्की. असला विचार खोलीत होत नाही म्हणून पवनारपर्यंत पायी गेलो. धाम नदीच्या काठी दगडावर बसलो. एक म्हातारा बैल धूत होता. विचारलं, कोणाकडं आले? म्हटलं, कोणाकडं नाही, विचार करायला आलो. म्हणाला, काऊन, घरी जागा नाई काय? मग त्याचा एक बैल पाण्याबाहेर येईना, तो ओढू लागलो. त्यात दुपार गेली. त्यानं शिदोरीतली अर्धी भाकर दिली. गेल्या आठ दिवसांत कुणाच्या शेजारी बसून जेवलो ते आजच.

येताना बसनं आलो. तत्त्वज्ञान रद्द. फार चालावं लागतं.

१७ जुलै, मंगळवार
इतिहास. वर्गात जाऊन बसलो. पाऊण तास लक्ष देऊन ऐकलं. शेवटी कळलं, ते राज्यशास्त्र होतं. उठवलं मात्र कुणी नाही. शेजारच्यानं एकदा माझ्याकडं बघितलं. मी हसलो. त्याला माझ्या मागचं पंख्याचं बटण हवं होतं.

संध्याकाळच्या डब्यात चिठ्ठी टाकली : इतिहास घेतला. सर माझ्यावर खूश आहेत. मित्र पुष्कळ. अभ्यास जोरात. (उद्यापासून.)

२१ जुलै, शनिवार
साडेनऊच्या डब्यासाठी साडेआठलाच स्टँडवर जातो. खोलीत अभ्यास होत नाही, विमलाबाईंचा रेडिओ चालू असतो. स्टँडवरही होत नाही, पण तो तिथं होत नाही याचं वाईट वाटत नाही. तीन नंबरच्या बाकावर बसून तिथंच जेवतो.

चौकशी खिडकीतले कंट्रोलर भैयाजी आता ओळखतात. आज एक बाई हिंगणघाटची गाडी विचारत होती. भैयाजींच्या तोंडात पान, म्हणून मीच सांगितलं : दहा वीस, दोन नंबरचा प्लॅटफॉर्म, रोज आठ मिनिटं लेट. भैयाजींनी पिंक टाकली अन् म्हणाले, तुले पाठ आहे काय बे? मी सांगितलं, मुद्दाम नाही केलं. म्हणाले, मी मुद्दाम केलं तरी मले अजून होत नाई.

टाइमपास फार झाला. उद्यापासून स्टँड बंद. फक्त डबा घेणे आणि निघणे.

२५ जुलै, बुधवार
काल घरी कळवलं की अर्थशास्त्र घेतलं, कारण देशाला त्याची गरज आहे. आज नलूची चिठ्ठी. बाबा तुझ्या चिठ्ठ्या पारावर वाचून दाखवतात, म्हणते. परवा इतिहास होता, आज अर्थशास्त्र. दादा, तू विषय घेऊन राह्यला का गाडी बदलून राह्यला?

तिला सविस्तर उत्तर दिलं. उच्च शिक्षणात दिशा हळूहळू उमगत जाते, वगैरे. दोन पानं. चांगलं उतरलं. हेच परीक्षेत लिहिलं असतं तर.

खाली तिनं आणखी लिहिलं होतं : मुलींले प्रवेश भेटते काय तुझ्या कॉलेजात? बाबा नाई म्हणतात. याचं उत्तर राहून गेलं.

२९ जुलै, रविवार
स्टँड बंद करून आठवडा झाला. म्हणजे ठरवून. गेलो रोजच. आज सकाळी फक्त दोन तास.

तिथं बरं वाटतं. येणाऱ्या प्रत्येकाला विचारलं की कुठं जायचं, तर त्याला उत्तर येतं.

३१ जुलै, मंगळवार. सकाळ
आज शेवटची तारीख. मन पक्कं. मराठी, समाजशास्त्र, भूगोल. डबा घेतला की थेट कॉलेज. पेनात शाई भरली.

तोच दिवस. संध्याकाळ
प्रकार असा झाला. भैयाजींची दाढ ठणकू लागली. गाल एवढा सुजला. म्हणाले, पाच मिनिटं भोंगा सांभाळ, मी दाक्तरकडून येतो. पाच मिनिटांचे सात तास झाले, दाढ काढावी लागली. त्यात यवतमाळची गाडी फेल. माणसं खिडकीवर तुटून पडली. मी पुलगावचे पुलगावला लावले, आर्वीचे आर्वीला, एका म्हाताऱ्या जोडप्याला सेवाग्रामच्या दवाखान्याकडं जाणाऱ्या गाडीत हाताला धरून बसवलं. नत्थूभाऊ बघत होता. म्हणाला, वासुदेव, तुझा आवाज भोंग्यात लई जमते बे.

कॉलेजात पोचलो तेव्हा खिडकी बंद. पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. माझ्यासारख्या टाइमटेबल तोंडपाठ असलेल्या माणसाचं हे असं व्हावं, हा सिस्टिमचा दोष आहे.

२ ऑगस्ट, गुरुवार
क्लार्कनं रजिस्टर फिरवून दाखवलं. माझ्या नावावर लाल रेघ. म्हणाला, चौकोन कोरे ठेवणारा तू पहिला नाही, पण दोनदा येऊन फॉर्म कोराच परत घेऊन जाणारा तूच. दहा तारखेपर्यंत प्रिन्सिपलकडं लेखी अर्ज कर. कारण लिही. नाहीतर हेही वर्ष गेलं. नवे प्रवेशही त्याच दिवशी बंद होतात, गर्दीत येऊ नको.

कारण काय लिहावं? भैयाजींची दाढ?

घरी कळवलं : तिन्ही विषय मिळाले.

४ ऑगस्ट, शनिवार
अर्जाचा कच्चा मसुदा केला. ‘माननीय महोदय’ फार चांगलं आलं. पुढं नंतर.

दुपारी खोलीत कोणी बोललं नाही. म्हणजे मी एकटाच होतो. मोठ्यानं एकदा ‘पुलगाव’ म्हणून पाहिलं.

७ ऑगस्ट, मंगळवार
डब्यात राखी. पोळ्यांवर ठेवली होती, वाफेनं ओली झालेली. एका हातानं स्वतःला बांधता येत नाही. दातात दोरा धरून पाहिला. शेवटी खिडकीतून हात आत दिला, भैयाजींनी बांधली. तोंडानं आर्वीची गाडी सांगता सांगता. म्हणाले, ओवाळणी मागणार नाई, घाबरू नको.

नलूची चिठ्ठी : पुढच्या वर्षी हातानं बांधीन. बाबांपाशी कॉलेजचं पुन्हा काढलं. ते म्हणाले, पोरीले एकटं कसं धाडावं. मी म्हटलं, एकटी कशी, दादा आहे ना तेथी. तुझ्या सगळ्या चिठ्ठ्या पुन्हा वाचून दाखवल्या. तर म्हणाले, विचार करतो. तू काय म्हणतो?

बाबा ‘विचार करतो’ म्हणाले म्हणजे झालं. नव्या बैलजोडीचा विचार तीन वर्षं चालला. पाठवणार नाहीत, तेव्हा पोरीला निदान धीर तरी द्यावा. लिहिलं : तू फक्त ये. ऑफिसात माझा शब्द चालतो. प्रिन्सिपल साहेब नावानं ओळखतात. कोणता विषय घ्यायचा, कुठं राहायचं, सगळं माझ्यावर सोड.

लिहिताना मलाच खरं वाटलं. छान झोप लागली.

१० ऑगस्ट, शुक्रवार. सकाळी ९.०५, बसस्टँड
आज शेवटचा दिवस, आणि मी बदललेला माणूस आहे. मागच्या वेटिंग रूममध्ये टेबल आहे, तिथं बसून अर्ज फेअर करतो आहे. कारण सापडलं : ‘कौटुंबिक’. ते खोटं ठरवता येत नाही. डबा घेतला की थेट प्रिन्सिपल. मराठी, समाजशास्त्र, भूगोल. किंवा भूगोलाऐवजी

९.२५
भूगोलच.

९.३०
गाडीचा आवाज. आर्वी आज चक्क वेळेवर! शुभशकुन. ही ओळ पुरी करून उठतो. दारातून दिसतं, नत्थूभाऊ डबा काढायचा सोडून भैयाजींच्या खिडकीकडं गेला. हसतो आहे. हातात डबा नाही.

९.३३
भोंगा. भैयाजी. जसाच्या तसा उतरवतो, कारण दुसरं काय करावं ते सुचत नाही.

‘कॉलेजचे विद्यार्थी वासुदेव रूपराव, जिथं असतील तिथून त्यांनी चौकशी खिडकीपाशी यावे. आर्वीच्या गाडीनं त्यांची बहीण नलू आली आहे. सोबत पेटी आहे.’

मग बटण बंद करायला विसरले. सगळ्या स्टँडला ऐकू गेलं :

‘ये ना बे लवकर. पोरगी विचारून राह्यली, प्रिन्सिपल साहेबाच्या घरी आधी जायचं का कॉलेजात.’