तिसरा वार

३ फेब्रुवारी
चेन्नईतल्या या बिल्डिंगची चिट आता मी चालवायची, ठरलं. चिट म्हणजे आपली भिशीच, फक्त लिलावाची. वीस घरं, दरमहा पाच-पाच हजार. जो लाखातले सगळ्यांत जास्त सोडेल त्याने बाकीचे उचलायचे. चालवणाऱ्या विशालाक्षी मामी गेल्या महिन्यात वारल्या. मी बँकेत व्याजदरांवर रिपोर्ट लिहितो. आणखी लायक कोण?

५ फेब्रुवारी
मीटिंगमध्ये महागाई, रेपो रेट समजावला. सगळे भारावले. मग चिट पहिल्या मजल्यावरच्या सकवारबाईंना दिली. त्या तंजावरच्या मराठी, वय सत्तर. असो. मी पडद्यामागचा सल्लागार.

९ फेब्रुवारी, दुपार
खाली मामींच्या बंद घरातून आवाज. "ओरु तरम्... रेंडु तरम्..." लिलावात मामी असंच म्हणायच्या. एक वार, दोन वार. तिसरा येईना. फ्रिज असावा.

१० फेब्रुवारी
त्या घराची वीज जानेवारीतच तोडलीय. मग पाइप असेल. टीव्ही मोठा लावून बसलो.

२२ फेब्रुवारी
रोज येतो आवाज. भीती वाटते. (हे कुणी वाचणार नाही.) फ्लॅट बदलणार. कारण, इथे हवा खेळती नाही. कोडंबाक्कमला एक पाहिला. ॲडव्हान्स ऐंशी हजार. चिट उचलतो.

५ मार्च
लिलाव. अडलेला माणूस जास्त सोडतो आणि नागवला जातो, हे गेल्या मीटिंगमध्ये मीच शिकवलं होतं. मी सोळा हजार सोडले. स्ट्रॅटेजी. सकवारबाई "मूणु तरम्", तिसरा वार, म्हणाल्या तेव्हा अंगावर काटा आला. पंखा फास्ट होता.

६ मार्च
पुढचे हप्ते बुडवले तर भरायला कुणीतरी हवं, म्हणून पैसे हातात पडायला जामीन हवा. शेजारच्या राजगोपाल सरांकडे गेलो. त्यांनी फिल्टर कॉफी दिली, चेन्नईच्या उकाड्यावर तासभर बोलले. समोरच्या श्रीरंजनीने दारच उघडलं नाही. लोकांना पत म्हणजे काय तेच कळत नाही.

८ मार्च
जामीन मिळाला! सकवारबाई म्हणाल्या, कण्णा, बाळा, मामींनी आधीच सांगून ठेवलंय: वरच्या पोराला कुणी जामीन राहणार नाही, मी आहे. मामींचा शब्द अजून चालतो म्हणे. चौऱ्याऐंशी हजार मोजून दिले. रडू आलं.
अट एकच. पोरगा माझ्या डोक्यावर राहतोय तोवरच मी जामीन, असं मामींचं म्हणणं. चिट संपायला सव्वा वर्ष.

९ मार्च
कोडंबाक्कमला नको कळवलं. पैसे कपाटात.
दुपारी खालून आवाज. या वेळी तिसराही आला.
फ्रिजच असावा.