पडद्यावरची रेघ

कौशिक,

काल जेवताना माझ्यावर खेकसलास. विनया बायको आहे, ती ऐकून घेते. मी आई आहे, मी ऐकून घेत नाही. डोळ्यांच्या डॉक्टरला दाखव, एवढंच तर म्हणाले होते.

माथुरांनी दुरुस्तीला दिलेला तो जुना हातातला गेम किती वेळा उघडलास? पडद्यावरची काळी रेघ जात नाही म्हणून दर वेळी आतल्या पट्टीला सोल्डरिंगची तापती सळई लावलीस. आज तू आंघोळीला गेल्यावर मी गेम चालू करून पाहिला. विनयालाही दाखवला. पडदा स्वच्छ आहे, रेघबिघ काही नाही. आणि सकाळी तू चहा कपाच्या बाहेर ओतलास, तेही मी पाहिलं.

तुझ्या वडिलांनाही एका डोळ्याने अशीच रेघ दिसायची. दिव्याचा दोष म्हणून ते ट्यूबलाइट बदलत बसले. मग एका दुपारी त्या डोळ्यापुढे अंधार झाला, तो कायमचा.

मी आदर्श नगरला डॉक्टरांकडे नंबर लावायला चालले आहे. स्कूटरची किल्ली आणि तुझी सळई माझ्या पिशवीत आहे, शोधू नकोस. विनयाला घेऊन रिक्षाने ये. निघण्याआधी देवघराच्या पांढऱ्या भिंतीकडे बघ. रेघ तिथेही असेल.

डॉक्टरांपुढे पुन्हा गेमला नावं ठेवलीस, तर सगळ्यांदेखत तोंडावर सांगेन: गेम कधीच दुरुस्त झालाय, कौशिक. बिघडलायस तू, आणि तुला उघडायला मी इथे आणलंय.