ज्वारीतली पाखरं

७ सप्टेंबर २०१३
आज हैदराबाद बंद. राज्य तोडा म्हणणारे अन् तोडू नका म्हणणारे, दोघांचा राग बसवरच. नात वासंतीला कुकटपल्लीच्या ऑफिसनं काही दिवस घरूनच काम कर म्हणून सांगितलं. काम काय, तर मोबाईलच्या गेममधलं संगीत किती मोठं अन् बाकीचे आवाज किती मोठे, ते जुळवायचं. याला पगार देतात. या महिन्यात परमनंट करणार म्हणे. करू देत. पोटची पोरं मला ठेवून घेईनात, हीच ठेवते.

९ सप्टेंबर, सकाळी
गेम ज्वारी राखायचा आहे. पाखरू ओरडलं की त्या बाजूला गोफण मारायची. मी म्हटलं, ऐकव. भालकीला शेतातल्या माळ्यावर बसून माझं लहानपण गेलं. वासंतीनं ज्वारी फक्त भाकरीत बघितली.
ढोलकी दणदणीत. पाखरं कुठायत? ती म्हणाली, आज्जी, खरंच ऐकू येईना? मी म्हटलं, माझ्या कानांचं काय घेऊन बसलीस, तू पाखरंच घातली नाहीस. तिनं वाढवली. अजून वाढव म्हटलं.

११ सप्टेंबर
पाखरं आत्ता कुठं आली. वासंती म्हणते, कानात टोचायलंय. मी सांगितलं, हुरड्यात आलेलं शेत असंच असतंय, तुला काय ठाव. तिनं तसंच ठेवलं. शिकलेल्यांना दाबूनच सांगावं लागतं.
डाळ करपली. हल्लीच्या कुकरना शिट्टीच नसते. वासंती म्हणते, केव्हाच्या वाजायल्यात. खोटं.

१४ सप्टेंबर
शेजारची तारामती तोंडातल्या तोंडात पुटपुटते, अन् मी उत्तर दिलं की हसते. कवळी नीट बसवून घे म्हटलं. रुसली. ठरवलं, पुटपुटणाऱ्यांशी बोलायचंच नाही. वासंतीपण हल्ली पुटपुटायली.

२० सप्टेंबर
गेम ऑफिसला पाठवला. तिथल्या पद्मावतीनं फोन करून बजावलं होतं, पाखरं कमी कर. वासंतीनं तिला सांगितलं, माझ्या आज्जीनं शेत राखलंय, तिच्या कानांवर माझा भरवसा आहे. शाबास. आता परमनंट झाल्यातच जमा.

२४ सप्टेंबर, दुपारी
साहेबानं हेडफोन लावला अन् पहिलं पाखरू ओरडताच काढून फेकला म्हणे. गेम बनवून घेणाऱ्यांनीही ऐकला अन् काम दुसरीकडं दिलं. वासंतीला उद्यापासून येऊ नको म्हटले. साहेबाच्या बापानं कधी शेत बघितलं असेल तर शपथ. मी जाऊन त्याला समजावते म्हटलं. वासंती म्हणाली, नक्को. एवढं मात्र स्वच्छ ऐकू आलं.

२७ सप्टेंबर
वासंतीनं कोठी भागातल्या कानाच्या डॉक्टरकडं नेलं. मी खुशीत निघाले. कान ठणठणीत असा कागद घ्यायचा अन् साहेबाच्या टेबलावर आपटायचा.
काचेच्या खोलीत बसवलं, हेडफोन घातला. आवाज आला की हात वर करायचा. मी सारखा करत होते, एकपण सोडला नाही. मग डॉक्टर आत आला अन् कानाशी तोंड आणून ओरडला, आज्जी, मशीन अजून चालू केलं नाही.
बाहेर जाऊन त्यानं बटण दाबलं. दाबताना दिसला. पुन्हा दाबलं. माझे हात मांडीवरच होते. काचेपलीकडून वासंती हातांकडंच बघत होती.