स्वयंपाकघराखालची भरती

करंजाड्याच्या सातव्या मजल्यावरच्या निकेशदादास,

पनवेलच्या खाडीतल्या बेटावरच्या आपल्या दोन दगडी खोल्यांचं एक घर झालं. मिठागरात राबणाऱ्या आजोबांनी खोल्यांमध्ये बोळ सोडला होता, उधाणाचं पाणी निघून जावं म्हणून. तू म्हणालास, “काँक्रीटने भर, नाहीतर पहिल्याच उधाणाला रडत माझ्याकडे येशील.” मी बोळ मोकळाच ठेवला. त्याच्यावर उंच फळ्यांची जमीन केली, वर काचेचं छप्पर घातलं आणि तिथेच स्वयंपाकघर थाटलं.

आज अमावास्येचं उधाण आलं. सकाळी मी गुपचूप बॅग भरली होती, हे तुला कधीच सांगणार नाही. दुपारी पाणी बोळात शिरलं आणि आमच्या पायांखालून खळाळत पलीकडे निघून गेलं. फळ्या कोरड्याच राहिल्या! उधाण बघायला आलेली शेजारची सखूकाकी टाळ्या पिटत ओरडली, “आगो, खाडीवर चूल मांडलीस तू! निकेश कुठं हाय? बगू दे त्याला!”

तेवढ्यात तुझाच फोन आला. “पाणी शिरलं का गं?” मी “शिरलंय, ये” एवढंच म्हणाले.

आता पत्र कशाला पाठवू? तुझी होडी धक्क्याला लागते आहे. सामान उचलायला दोन माणसंही आणली आहेस. तिघांनाही भरतीच्या वर जेवायला बसवते.

तुझी न बुडालेली बहीण,
रंजिता