सपिटाची पोळी

लष्कर, ग्वाल्हेर
संक्रांत, १४ जानेवारी १९५७

चि. सौ. सरोजिनीस शरयूचे अनेक आशीर्वाद.

तिळगूळ घे आणि जाऊ असूनही गोड बोल. इकडे सर्व खुशाल. म्हणजे थंडीने दात वाजताहेत, आणि यांची सर्दी राज्य बदललं तरी जागची हललेली नाही. बाळाच्या बोरन्हाणासाठी हलव्याचे दागिने पाठवते आहे. दोन महिन्यांच्या डोक्याला मुकुट मोठा होईल. मग भालचंद्र भावजींना घाला. नाहीतरी राजधानीत गेल्यापासून ते स्वतःला दिवाण समजत असतील.

कचेऱ्या भोपाळला हलल्यापासून आपली लष्करची वस्ती ओस पडत चाललीय गं. रोज कुणाच्या तरी दारात ट्रक, त्यावर कपाटं, तुळशीवृंदावनसुद्धा. समोरच्या उषाताई परवा भोपाळला गेल्या. यांचं ऑफिस इथेच राहिलं म्हणून आम्ही राहिलो. एरवी तुझ्या बाळंतपणाला मीच आले असते, पण सासूबाई निघताना म्हणाल्या, "शरयू, तू येऊ नकोस हो. वाईट वाटून घेऊ नकोस." मी म्हटलं, नाही घेत. आणि मग घासलेलीच भांडी पुन्हा घासत बसले.

असो. तू लिहिलंस की सासूबाई अजून तुला सपिटाच्याच पोळ्या घालतात, आणि तिकडे मिलचा मैदा सहज मिळतो म्हणून आता चाळण्याचाही त्रास नाही. सोबत मऊ पांढरा भात आणि साजूक तूप. डाळ वातूळ, भाजी बाधते. मला सगळं तोंडपाठ आहे. आपलं पडलं दरबारी घर! कोंड्याची पोळी गड्यांनी खायची. बाळंतिणीचं ताट कसं पांढरंशुभ्र हवं.

पण माझं एक ऐक. इथल्या कंपू भागातल्या इस्पितळात नव्या डॉक्टरीणबाई आल्या आहेत, आंध्राकडच्या. मागच्या महिन्यात महिला मंडळात त्यांचं भाषण झालं. म्हणाल्या, गव्हाचा सगळा जीव त्याच्या कोंड्यात आणि टोकाच्या इवल्याशा अंकुरात असतो. ब जीवनसत्त्व तिथेच, लोह तिथेच. मैदा करताना नेमकं तेच काढून टाकतात, कारण अंकुरात तेल असतं आणि त्याने पीठ खवट होतं. ते काढलं की मैदा महिनोन्महिने टिकतो, दिसतोही छान, पण त्याने नुसतं पोट भरतं. मी म्हटलं, "हमारे यहाँ तो मैदे में कीड़ा भी देर से लगता है." त्या म्हणाल्या, "कीड़ा समझदार है, बाई." सगळ्या बायका खो खो हसल्या. मला काही हसू आलं नाही.

तर गहू आणून तिकडच्या चक्कीवर ताजे दळून घे आणि ते पीठ चाळू नकोस. डाळ खा, शेंगदाणे खा. का, ते विचारू नकोस. सासूबाई रागावल्या तर सांग, ग्वाल्हेरच्या वहिनीला वेड लागलंय. तेवढं मी सोसेन.

बाळाला पापा.
तुझी
शरयू

---

भोपाळ स्टेशन, बायकांची वेटिंग रूम
२९ जानेवारी १९५७, सकाळी

प्रिय सरोज,

दचकू नकोस. मी भोपाळात आहे. हे डॉक्टरांना आणायला गेलेत. डॉक्टरांसह मला घ्यायला स्टेशनावर येतील, मग तसेच सगळे टांग्याने तुझ्याकडे. पत्र तुझे भावजीच आत येऊन तुझ्या हातात देतील. सासूबाई आडव्या आल्या तरी डॉक्टरांना बाळाजवळ जाऊ दे. ते सुई देतील, त्याला आणि तुलाही. देऊ दे. आधी ते कर, मग पुढचं वाच.

तुझं पत्र काल दुपारी आलं. कोंड्याची पोळी सासूबाईंनी मोलकरणीला देऊन टाकली, हे वाचून मी हसले होते. मग खाली लिहिलं होतंस, "बाळाने असं बाळसं धरलंय की सगळे म्हणतात दृष्ट काढा. फार गुणी आहे. रडतो तेव्हा तोंड उघडतो, पण आवाजच येत नाही. सासूबाई म्हणतात घसा बसलाय, मध चाटवतात. माझ्या पायांना सारख्या मुंग्या येतात." तार करून त्यात काय लिहिणार होते? संध्याकाळची गाडी धरली.

माझा शरच्चंद्र असाच होता. एवढ्याशा जिवाला एवढं मोठं नाव. ते आपल्या घरात कुणी काढत नाही, आणि पोटुशा किंवा बाळंत बाईसमोर तर नाहीच, म्हणून तुला एवढंच ठाऊक की वहिनीचं एक मूल गेलं. कसं गेलं, ते तुला कुणी सांगितलं नाही. मीही नाही.

ग्वाल्हेर मध्यभारतात गेलं त्या, अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यातली गोष्ट. तोही गुबगुबीत होता. ते बाळसं नव्हतं गं, सूज होती. माझ्याही ताटात तेच पांढरं. त्याचाही आवाज असाच गेला. एका दुपारी तो पाळण्यात होता आणि मी पाठमोरी बसून त्याची टोपी विणत होते. वळून पाहिलं तर तोंड उघडं. तो कधीपासून रडत होता ते मला आजही माहीत नाही. हाक मारत असेल, आणि मी टाके मोजत बसले होते.

लोक म्हणाले दृष्ट लागली. मीही तेच धरून बसले. मागच्या महिन्यात भाषणानंतर डॉक्टरीणबाईंना गाठलं, सगळं सांगितलं. त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, "बेरीबेरी. ब जीवनसत्त्व आईच्या दुधात नव्हतं, कारण आईच्या जेवणात नव्हतं."

लोकांच्या घरात गेलेल्या माणसांची चाहूल लागते म्हणतात. माझ्या घरात काहीच वाजत नाही, आणि तेच मला सोसवत नाही. चार घटका घर गप्प झालं की मला वाटतं तो रडतोय. मग हातातलं टाकून उठते, खोल्या बघते, पाळण्याची रिकामी कडी बघते. हे विचारतात, "काय शोधतेस?" मी म्हणते, "चष्मा." यांनी मला दोन चष्मे आणून दिलेत.

सासूबाईंना यातलं काही कळू देऊ नकोस. ज्या दिवशी मला कळलं, त्या दिवशी मी त्यांची इथे राहिलेली चाळणी अंगणात भिरकावली. राग आला नाही असं खोटं सांगणार नाही. पण माझ्यासाठी सपीट वस्त्रगाळ करताना त्यांचे खांदे भरून यायचे, तरी दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत. त्या बाईला मी कोणत्या तोंडाने सांगू की तुमच्याच मायेने तुमचा नातू गेला? म्हणून संक्रांतीला तुला नुसत्या पिठाच्या गप्पा लिहिल्या. तेव्हाच सगळं लिहायला हवं होतं. डॉक्टरांना म्हणावं, सासूबाईंना सांगा की भोपाळचं पाणी मानवलं नाही.

वेळेवर सुई मिळाली तर असं मूल वाचतं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या आहेत. मी दोनदा विचारून घेतलंय.

मी आत येणार नाही. माझी सावली बाळावर नको म्हणतात, तर नको. बाहेर टांग्यात बसून आहे. चहा पाठवू नकोस, बाळाला दाखवायला दारात आणू नकोस. फक्त रस्त्याकडची खिडकी उघडी ठेव. त्याच्या रडण्याचा आवाज रस्त्यापर्यंत आला की मी परत जाईन. कितीही वेळ लागू दे, मला घाई नाही.

तुझ्या खिडकीखाली,
शरयू