लाल बाजू, नववं वळण

हिंटरआख, १६ मार्च

प्रिय रोमी,

पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळे जिवंत आहेत. आई बरी आहे. माझ्याशी बोलत नाही, पण ते पुढे येईलच. यंदा बर्फाने लवकर दगा दिला, खालच्या कुरणात माती दिसायला लागली. मी अजून त्या भाड्याच्या स्कीच्या दुकानातच आहे. तुझ्या स्नोबोर्डाची कडा मी नख फिरवून तपासायचो, आठवतं? आता पाहुण्यांनी दगडांवरून खरवडून आणलेल्या स्की सरळ करतो, आणि ते म्हणतात, वा, काय धार लावता हो. माझी लायकी तेवढीच आहे.

नवीन वर्षाला तू ग्राझहून पाठवलेलं कार्ड माझ्या कामाच्या कोटाच्या खिशात आहे. त्यावर मेण सांडलं, शाई फिसकटली, पण शब्द पाठ आहेत. ‘बाबा, तुमची अठरा वर्षं मी एका वळणावर मातीत घातली. जमलं तर माफ करा.’ ते मी आईला दाखवलं नाही. तुला उत्तर लिहायला तीनदा बसलो. पहिलं वाक्य लिहायचो, की पोरी, तुझी काही चूक नव्हती. दुसरं लिहायची छाती व्हायची नाही, मग कागद चुलीत. आज चुलीपासून लांब बसलोय.

तू आणि युडिट सात वर्षांच्या होतात तेव्हा दोघींत एकच बोर्ड होता. एक खाली यायची, दुसरी तोच घेऊन वर पळायची. युडिटच्या घरी गाईंचा पसारा, तिच्याकडे बघायला कुणाला फुरसत नव्हती, म्हणून ती आपल्याच स्वयंपाकघरातल्या बाकावर जेवायची आणि तिथेच झोपायची. आई तुमच्या सुपात चीजचे वडे मोजून घालायची, दोघींना सारखे. युडिट मला काका म्हणायची, अजून म्हणते. पुढे देशाच्या संघात गेलात, मी दोघींचा ट्रेनर झालो, आणि मोठ्या तोंडाने सगळ्यांना सांगायचो की माझ्या लेखी दोघी सारख्याच. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, हे गावात सगळे करतात, मी करत नाही, अशी माझी ऐट होती.

आता दोन वर्षांपूर्वीच्या त्या जानेवारीतल्या शर्यतीचं. तुला नियम मी काय सांगणार? पात्रता फेरीत जिची वेळ कमी, तिने शेजारच्या लाल-निळ्या वाटांतली आपली बाजू आधी निवडायची, उरलेली दुसरीची. युडिट चौथी आली होती, तू तेरावी. म्हणजे पहिल्याच फेरीत तुम्ही दोघी एकमेकींसमोर. तिची ऑलिम्पिकची जागा डिसेंबरातच पक्की झाली होती. तुला पहिल्या आठात येणं भाग होतं, नाहीतर आणखी चार वर्षं, आणि तुझ्या त्या पाठीला चार वर्षं झेपणार नव्हती. लाल बाजू सावलीत होती, टणक आणि वेगाची. सकाळपासून जिला निवड मिळाली तिने लालच घेतली होती.

मी उताराच्या मधोमध उभा होतो. तुमच्या आधीची जोडी गेली आणि लाल बाजूच्या नवव्या वळणाखालचा बर्फ माझ्या डोळ्यांदेखत तुटला. गुडघाभर खड्डा, तोही उंचवट्यामागे, वरून दिसणं शक्य नाही. कडेला फावडेवाले उभे होते. एक हाक मारली असती तर दोन मिनिटांत बुजवला असता. वायरलेस हातात होता. त्यावर बोललं की वर तुम्हा दोघींनाही एकदम ऐकू जातं. माझा अंगठा बटणावर होता, रोमी.

मी बटण दाबलं नाही.

मनात काय होतं ते जसंच्या तसं सांगतो. युडिट लाल घेणार, त्या वळणावर तिचा बोर्ड उडणार, ती वाटेबाहेर जाणार आणि तू पुढे. तिचं काय बिघडतंय, तिची जागा तर पक्की आहे, असं मी स्वतःला सांगितलं. पाय मोडू शकतो हे मला कळत नव्हतं असं नाही. एवढी वर्षं तेच बघत आलो होतो. मग फाटक उघडलं, उंचवट्यावरून दोघी आल्या, आणि लाल बाजूला टाचेवर कललेली ती तुझी ढब मी हजारात ओळखली असती. मी ओरडलो. तुला ऐकू आलं नाही.

इस्पितळात पायात सळ्या घातल्यावर तू शुद्धीवर आलीस आणि पहिलं वाक्य बोललीस, "बाबा, तिला कुणीतरी खालून सांगितलं होतं. नाहीतर निळी बाजू कोण घेतं?" मी तुझ्या कपाळावरून हात फिरवला आणि मूग गिळून बसलो. डोंगरावरचं पाप मोठं की त्या खोलीतलं, हे मला अजून ठरवता येत नाही. त्या दिवसापासून तू युडिटचं नाव टाकलंस. ती त्या ऑलिम्पिकला गेली, पहिल्याच फेरीत बाहेर पडली आणि पुन्हा बोर्डावर उभी राहिली नाही. मी संघ सोडला, तर लोक म्हणाले, पोरीच्या दुःखाने खचला बिचारा. मी म्हणू दिलं.

काल आईला सांगितलं. ती बटाटे सोलत होती. सुरी खाली ठेवून म्हणाली, "दोन वर्षं मी युडिटच्या आईला दुकानात, चर्चमध्ये पाठ दाखवली. ते तुझ्या गप्प राहण्यापायी होय?" तिने माझं अंथरूण वरच्या खोलीत टाकलंय.

हे सगळं आताच का, असं तू विचारशील. परवा युडिट दुकानात आली, छातीशी दोन महिन्यांची मुलगी बांधून. तुला तिने तीन पत्रं पाठवली, तिन्ही न उघडता परत आली म्हणाली. सत्तावीस एप्रिलला बाप्तिस्मा आहे आणि धर्ममाता म्हणून तिला तूच हवी आहेस, दुसरी कुणी नको. मग खाली बघत म्हणाली, "काका, मी लाल बाजू तिच्यासाठी सोडली होती. माझी जागा पक्की होती, तिला वेगाची बाजू मिळावी म्हणून. हे मी तिला कोणत्या तोंडाने सांगू? मी दिलेल्या वाटेवरच तिचा पाय गेला." दोन वर्षं ती पोर हे ओझं वाहत होती, आणि माझ्यापुढे उभी राहून स्वतःलाच दोष देत होती. मी तिथल्या तिथे तिला सगळं सांगितलं. ती रडली नाही, ओरडली नाही. बाळाची टोपी सारखी केली आणि एवढंच विचारलं, "मग रोमीला कोण सांगणार?" म्हणून हे पत्र. माफी मी मागत नाही, तुझ्याजवळ ती असेल असं वाटतही नाही. तू मात्र बाप्तिस्म्याला ये. मी त्या दिवशी वरच्या गोठ्यात राहीन, चर्चच्या दारात तुला दिसणार नाही. आणि तेव्हा जे बोलायचं होतं ते आता बोलतो. लाल बाजू, नववं वळण, बर्फ तुटलाय, मोठा खड्डा आहे. शर्यत थांबवा. पोरींनो, दोघी वरच थांबा.

तुझाच,
बाबा