दिवस बुडायच्या आत

३ जुलै, गुरुवार

गाडी घेऊन आठवडा झाला. कंपनीच्या गेटवर वॉचमन आजही म्हणाला, "बंद पडली व्हय? ढकलत आनलीस?" चालू होती. इलेक्ट्रिक मोटरसायकलला आवाज नसतो हे त्याला पटतच नाही. आमच्या शॉपमधल्या सुपरवायझर मोहित्यांनी तिचं नाव 'मुकी' ठेवलं. ठेवू देत.

आष्टा ते कुपवाड, रोज जाऊन येऊन. पेट्रोलच्या गाडीवर कानात सारखी घरघर असायची, त्यात बाकीचं बुडून जायचं. आता सगळं ऐकू येतं. उसातला वारा, टायर, आणि मी स्वतःशी बोलतो ते. मी एवढा बोलतो हे मला माहीत नव्हतं.

७ जुलै, सोमवार

चार्जिंगची पंचाईत. वरच्या माझ्या खोलीतून वायर खाली पोचत नाही. घरमालक आण्णांना भीत भीत विचारलं. ते विचारात पडले, तोवर आक्का आतून म्हणाल्या, "माझ्या सैपाकघराच्या खिडकीतनं घे की." मिक्सरशेजारचा मोठा प्लग मिळाला.

संध्याकाळी आक्का खिडकीतून वाकून: "गाडी जेवाय लावलीस? कवर जेवती?"

म्हटलं, रात्रभर.

"रातभर!"

आण्णा पायरीवरून: "तिला कुठला आलाय नेम? गाडी जैन न्हाई."

दोघं एकदम हसले. ही दोघं दिवस बुडाल्यावर तोंडात काही घालत नाहीत. पाणीसुद्धा नाही. आक्का सांगत होत्या, लहानपणापासून एकदाही नाही, बाळंतपणातसुद्धा नाही. अभिमानानं नाही सांगत. आपण 'मी डावखुरा आहे' म्हणतो तसं.

१० जुलै, गुरुवार

वायर लावायला गेलो तर ताटं वाढलेली. "बस," आक्का म्हणाल्या. मी नको नको म्हणालो. "दिवस हाय अजून. बस." बसलो. ज्वारीची भाकरी, मुगाची आमटी, दोडका, दही. कांदा नाही, लसूण नाही, तरी आमटी दोनदा मागून घेतली.

गावी पाटणला वहिनी वाढते, ती वर्षातून दोनदा. बाकी वयाच्या तेहेतीसपासून आज त्रेचाळीसपर्यंत माझं ताट मीच वाढलंय. लग्न राहून गेलं. मुली बघितल्या, पोहे खाल्ले, 'कळवतो' ऐकलं. मग कोणी कळवेना आणि आम्हीही विचारेनासे झालो.

उठताना आक्का: "उद्याबी ये. पर दिवस बुडायच्या आत. मागनं आमच्यात कोन वाढत न्हाई."

१९ जुलै, शनिवार

आता रोजचंच झालं. साडेपाचला सुटायचं, सांगलीतून पूल ओलांडून सांगलीवाडी, डिग्रज, तुंग, मिरजवाडी, आष्टा. घरी येताना सूर्य समोर असतो. पूर्वी डोळ्यावर ऊन येतं म्हणून शिव्या द्यायचो. आता ऊन डोळ्यावर आहे म्हणजे जेवण आहे.

गाडीचा आवाज नाही म्हणून आण्णा पायरीवर बसून कोपऱ्याकडे बघत असतात. मी वळलो की आत ओरडतात, "आलं गं," आणि साखरेच्या आजाराची गोळी घेतात. गोळीनंतर लगेच जेवायचं असतं त्यांना. म्हणजे मी आलो की गोळी, गोळी झाली की ताट.

८ ऑगस्ट, शुक्रवार

मोहिते म्हणाले ओव्हरटाइमला थांब. मी कां कूं केलं.

"तुला काय रं घाई? घरी कोन वाट बघतंय तुजी?"

बायकापोरं असलेल्यांना कारण विचारत नाहीत. एकट्या माणसाचा वेळ म्हणजे गावठाणाची जागा, कुणीही खुंटा ठोकावा. पोट बिघडलंय म्हणून सांगितलं. महिन्याभरात तिसऱ्यांदा. शॉपमध्ये माझ्या पोटाची काळजी सुरू झालीय. एकाने ओव्याची पुडी दिली.

खरं का सांगितलं नाही? 'घरमालकाकडे जेवायला जायचंय' म्हटलं असतं तर वर्षभर पुरलो असतो त्यांना.

३१ ऑगस्ट, रविवार

गौरीला पाटण. गाडी एका दमात पोचत नाही, एसटीने गेलो. भावाचं घर भरलेलं. मी पलीकडच्या खोलीत बसलेलो. तासाभराने वहिनी आली ती दचकलीच, "आवं भावजी, कवा आलासा?" तिचा दोष नाही. दोन दिवस राहायचं ठरवून गेलो होतो, आजच परत निघालो.

कराडपासून खिडकीतून सूर्य बघत होतो. जमेल असं वाटलं, नाही जमलं. आष्ट्याला उतरलो तर अंधार. दोघं दारात बसलेली. आक्का नुसतं "आलास?" म्हणाल्या. वर जाऊन बिस्किटं खाल्ली. पण ते 'आलास' बरं वाटलं.

१० सप्टेंबर, बुधवार

दिवस आखडायला लागला. आज शेवटचा घास आणि दिवस बुडणं बरोबरीनेच झालं. आक्का माझ्या ताटाकडे बघत, "आटप, आटप." मी भाकरी कोंबून कोंबून खाल्ली. आण्णा म्हणाले, "मिलिट्रीत गेल्यागत जेवतोय."

पुढच्या महिन्यात काय? साडेपाचला सुटून पोचणारच नाही. हे दोघांनाही कळतंय. कोणी विषय काढत नाही.

१६ सप्टेंबर, मंगळवार

काय लिहू.

काल रात्री लाईट गेलेली, गाडी अर्धीच चार्ज झाली. सकाळी घाईत बघितलं नाही. संध्याकाळी निघायला मोहित्यांनी उशीर केला. म्हटलं, गाठतो. पॉवर मोडला टाकली आणि पिळली. समोरून वारा. जेवढी जोरात तेवढी बॅटरी खाणार, हे मला माहीत आहे. गाडी घेताना दुकानात पहिल्या दिवशी हेच शिकवतात. तरीही पिळली.

तुंगच्या पुढे बॅटरीचा काटा लाल. मग गाडी आपोआपच हळू झाली, सायकलीएवढी. खरंच एक सायकलवाला पुढे गेला, वळून बघून गेला. फोन लावला. आण्णांचा मोबाईल आत टीव्हीजवळ आणि दोघं बाहेर पायरीवर, उचलणार कोण? समोर सूर्य उसात उतरला, मला दिसत होता. घाई केली म्हणूनच उशीर झाला.

पोचलो तर दिवे लागलेले. आत तीन ताटं वाढलेली, झाकलेली. कोणी शिवलेलं नव्हतं.

"तुमी का न्हाई जेवलासा?" मी जवळजवळ ओरडलोच.

आक्का म्हणाल्या, "तीन वाढलेली. दोनच कशी उचलायची?"

आण्णा हसले. "ह्यो आलाच आलाच म्हनून गोळीबी घिऊन बसलोय."

गोळी पोटात आणि वर घास नाही. साखर तरी घ्या म्हटलं, पाणी तरी. हात जोडले. आण्णांनी मान हलवली. "एक रात काय रं, निगून जाईल."

आणि हेही लिहायलाच पाहिजे: जिना चढताना लाज वाटत होती, भीती वाटत होती, आणि कुठेतरी आत आनंदही होता. माझ्यासाठी कोणी उपाशी बसलंय. असा कसा मी.

१७ सप्टेंबर, बुधवार

पहाटे आक्काची हाक. आण्णांना दरदरून घाम, हात थरथरत होते, बोलणं अडखळत होतं. दिवस उगवेपर्यंत त्यांनी ओठ उघडले नाहीत. उगवल्या उगवल्या आक्काने गूळपाणी पाजलं. मी रिक्षा आणली. डॉक्टर आक्कावर चिडले, मग माझ्यावर. दुपारी आण्णा बरे, डॉक्टरलाच विचारत होते, "तुमी जेवलासा का?"

कामावर गेलो नाही. मोहित्यांचा फोन. पोट बिघडलंय म्हणालो.

२१ सप्टेंबर, रविवार

त्यांचा मुलगा अजित पुण्याहून आला. शांत माणूस. मला खाली बोलावून म्हणाला, "सुनील, तुमची चूक नाही. पण दोघंच इथे, आणि असं काही झालं तर..." मी हो हो म्हणत राहिलो. आत आक्काचा आवाज: "त्याला बोलू नगंस. त्यानं काय मुद्दाम उशीर केला व्हय?"

त्या पहाटेपासून त्यांच्याकडे जेवत नाही. मीच नको म्हणालो. आक्का डबा झाकून जिन्यावर ठेवतात. वर एकटाच खातो. तीच आमटी. चव नाही असं नाही, पण अर्धी उरते.

६ ऑक्टोबर, सोमवार

धीर करून मोहित्यांकडे पहिली शिफ्ट मागितली. म्हणाले, "पयली शिफ्ट पोरंबाळं असल्याल्यांस्नी. शाळा असत्यात. तुजं काय हाय?"

यावेळी खरं सांगितलं. खाली म्हातारा-म्हातारी आहेत, दिवस बुडायच्या आत जेवतात, त्यांच्याबरोबर बसायचं असतं.

मोहिते हसले नाहीत. हसले असते तर बरं. "नात्यातली हायत?" म्हणाले. मी नाही म्हणालो. "मग कसं बसवायचं सांग," म्हणाले. मी कामावर परत गेलो.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

दिवाळी झाली. अजित दोघांना पुण्याला घेऊन गेला. 'थोडे दिवस' म्हणून. आण्णांनी गाडीत बसताना माझा हात धरला, बराच वेळ. आक्काने सैपाकघराची किल्ली दिली.

"गाडी उपाशी ठिवू नगंस."

कधी येणार विचारायचं होतं. म्हणालो, "फोन करा."

३० ऑक्टोबर, गुरुवार

संध्याकाळी किल्ली फिरवायची, आत जाऊन वायर लावायची, बाहेर यायचं. ओट्यावर पालथी घातलेली भांडी तशीच. आज वायर लावून तिथेच जमिनीवर बसलो जरा वेळ. मग आपलं मलाच कसंतरी वाटलं, कुलूप लावून वर आलो.

हे सगळं माझ्यामुळे झालं. अजित नाही म्हणतो, आण्णा नाही म्हणतात. तरी झालं.

५ नोव्हेंबर, बुधवार

डिग्रजच्या पुढे होतो. खिशात फोन वाजला. मुकी असल्यामुळे स्वच्छ ऐकू आला. गाडी कडेला घेतली. आक्का.

"सुनील, दिवस बुडाला का रं?"

मला काही कळेना. मग उलगडा झाला. अजितचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, समोर दुसरी इमारत. गॅलरीतून नुसती भिंत दिसते. अजित मोबाईलवर दिवस बुडायची वेळ काढून दाखवतो, आक्काचा विश्वास नाही. "मोबाईलला काय डोळं हायत? तू रस्त्याव असतोस. तुला दिसतोय न्हवं?"

मी मान वर केली. उसाच्या तुऱ्यांच्या वर चांगला दोन-तीन बोटं होता.

"हाय आक्का. लय हाय अजून. जेवा निवांत."

"तू जेव पोचल्याव," म्हणाल्या आणि ठेवला.

बाजूने ट्रॅक्टर गेला, ड्रायव्हरने विचारलं, "बंद पडली काय वो?" मी नाही म्हणालो, आणि रडू आलं.

११ नोव्हेंबर, मंगळवार

रोज फोन. मी साधारण डिग्रजच्या पुढे असतो. थांबतो, बघतो, सांगतो. "दोन बोटं हाय." "बोटभर हाय." "आता टेकला, घास आटपा." मागून आण्णा: "गाडी जेवती का न्हाई इचार." एक-दोन वाक्यं, बस्स. दिवसभरात मी कोणाशी बोलायचं म्हणून बोललो तर एवढंच.

आक्का आज म्हणाल्या, "तुज्या डोळ्यावं चाललंय आमचं."

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

आज फोन वेळेवर आला नाही. डिग्रजच्या पुढे नेहमीच्या जागी थांबून राहिलो. सूर्य टेकला. अर्धा झाला. नुसती लाल कड राहिली, तीही गेली. वाटलं, झालं असेल जेवण, अजितने सांगितलं असेल. किल्ली फिरवली, तेवढ्यात वाजला.

आक्का धापा टाकत. डॉक्टरकडे गेले होते, परत येताना रस्त्यात अडकले. "आत्ता पाय ठिवला घरात. ताटं वाढल्यात. ह्यांनी गाडीतच गोळी घेतलीया, घरी पोचतोयच म्हनून. सुनील, बुडाला का रं?"

समोर नुसता उजेड होता. सूर्य नव्हता.

गोळी घेतलीय हे एकच डोक्यात. ती पहाट, तो घाम.

"सुनील? हायस न्हवं?"

"हाय आक्का. अजून हाय. बोटभर. जेवा झटक्यानं."

"हाय म्हनतोय," आक्का तिकडे म्हणाल्या. भांड्याचा आवाज. फोन ठेवायचा राहिला त्यांचा. आण्णा भाकरी मोडून चावत होते ते ऐकू येत होतं. इकडे अंधार होत होता आणि मी फोन कानाला लावून उभा. मग बंद केला.

घरी आलो, वायर लावली. अजून जेवलो नाही. पाप असेल तर माझं, असं म्हणून झालं. पण नेम माझा नव्हता. उद्या याच वेळी परत विचारतील, आणि मी सांगेन त्यावर घास घेतील. सांगायचं का? सांगितलं तर परत कधी विचारतील का मला? आणि नाही सांगितलं तर...

आण्णांना काही होऊ नये म्हणून बोललो. आण्णा जेवले. पण त्यांच्याबरोबर आक्काही जेवल्या.